लव्हाळ्याच्या दोन पेंढ्या
‘टिल्झिटचा प्रवास’ ही कथा आणि ‘सनराइज’ हा चित्रपट

संसाराला नौकेची उपमा देण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती ऐकताना आता ना पाणी दिसते, ना वारा जाणवतो. विवाहप्रसंगीच्या प्रवचनात, रौप्यमहोत्सवी अभिनंदनपत्रात, मांडवातल्या भाषणात ही नौका हटकून येते. तिला वादळे लागतात आणि ठरल्याप्रमाणे ती सुखरूप किनाऱ्याला पोहोचते. वादळ कोणी उठवले, नौकेत बसलेल्या दोघांपैकी कोण कोणाला भीत होते, वाचवण्याची साधने किती होती आणि ती कोणाच्या वाट्याला गेली, असे प्रश्न या उपमेला कोणी विचारत नाही. ज्या लेखकाने आणि ज्या दिग्दर्शकाने हे प्रश्न विचारले, त्या दोघांच्या कृतींचा येथे एकत्र विचार करावा, असा आमचा मानस आहे. एक कथा आहे, दुसरा तिच्यावरून घेतलेला मूकपट. दोन्हींत एक नवरा आणि एक बायको खऱ्या होडीत बसतात, खरा वारा सुटतो, आणि संसाराचा निकाल लव्हाळ्याच्या दोन पेंढ्यांवर येऊन ठेपतो.

हेर्मान सुडरमान (१८५७–१९२८) हे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. एके काळी मात्र जर्मन रंगभूमीवर त्यांचा मोठा दबदबा होता. ‘हाइमाट’ (१८९३) या त्यांच्या नाटकातील नायिकेची भूमिका सारा बर्नार्ड आणि एलेओनोरा दूझे यांच्यासारख्या अभिनेत्रींनी गाजवली. पुढे नाटककार म्हणून त्यांची कीर्ती ओसरली. आज त्यांचे जे लेखन टिकून राहिलेले दिसते, त्यात १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिथुआनियन कथा’ या संग्रहाचे स्थान वरचे आहे. ‘टिल्झिटचा प्रवास’ ही त्यातलीच एक दीर्घकथा. सुडरमान यांचा जन्म पूर्व प्रशियातील हायडेक्रूग गावाजवळचा. तो प्रदेश आज लिथुआनियात आहे. त्यामुळे या कथांतील शेतकरी-कोळ्यांचे जग त्यांनी दुरून पाहिलेले नाही. ते त्यांच्या बालपणाच्या अंगणातले आहे.

कथेचा प्रदेश थोडा समजून घेतला पाहिजे, कारण त्याविना तिच्यातला धोका कळत नाही. बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्यावर वाळूची एक अरुंद पट्टी सुमारे ९८ किलोमीटर लांब पसरली आहे. तिच्या आतल्या अंगाला जो विस्तीर्ण जलाशय तयार झाला आहे, त्याला जर्मन भाषेत ‘हाफ’ म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सोळाशे चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली चार मीटरांहूनही कमी. इतक्या उथळ पाण्यावर जोराचा वारा आला, की लाटा लांब, संथ न उठता आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक उठतात. आमच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांतील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खोल समुद्रापेक्षा खाडीच्या मुखावरची उथळ जागा होडीला अधिक घातक असते, हे कोळीवाड्यातील पोरालाही ठाऊक असते. त्या जलाशयावरच्या होड्या म्हणूनच सपाट तळाच्या असत. तेथील व्हेंटे भूशिरावर १८६३ साली बांधलेले दीपगृह आजही उभे आहे. याच जलाशयात नेमान नदी येऊन मिळते, आणि नदीने वर गेले की टिल्झिट हे बाजाराचे शहर लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि नंतरही खेड्यातील माणसे शिडाच्या होडीने तेथे जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर रशियाकडे गेले. आज त्याचे नाव सोव्येत्स्क आहे.

या किनाऱ्यावरील एका कोळीगावात अन्सास आणि इंद्रे हे दाम्पत्य राहते. घर संपन्न आहे, मुले आहेत, इंद्रे सुस्वभावी आहे. बुशे नावाची मोलकरीण घरात येते आणि अन्सासवर तिचा ताबा बसतो. बायकोचा काटा काढण्याचा बेत ठरतो तो असा : टिल्झिट दाखवण्याच्या निमित्ताने इंद्रेला होडीतून न्यायचे, वाटेत होडी उलटवायची, आणि आधीच लपवून ठेवलेल्या लव्हाळ्याच्या आधाराने अन्सासने स्वतः तरून यायचे. इंद्रेला संशय आहे, तरी ती जाते. शहरात त्या दोघांमध्ये काहीतरी पालटते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना न मिळालेला एक दिवस त्यांना मिळतो. परतताना होडी खरोखरच उलटते. आता ती कोणीही उलटवलेली नसते. स्वतःसाठी आणलेले लव्हाळे अन्सास तिला बांधतो. ती वाचते, तो बुडतो. पुढे इंद्रेला मुलगा होतो. त्याला वडील पाहायला मिळत नाहीत.

सुडरमान यांची लेखणी येथे आश्चर्यकारकरीत्या संयत आहे. अन्सासचा मृत्यू ही देवाने केलेली शिक्षा आहे असे ते कोठेही सांगत नाहीत, आणि तो मेल्याने सारे फिटले असेही म्हणत नाहीत. लव्हाळ्याच्या पेंढीचा अर्थ मात्र त्यांनी पुरता बदलून टाकला आहे. जी वस्तू खुनाचे साधन म्हणून होडीत ठेवली गेली, तीच दानाचे साधन होते. पेंढी तीच, होडी तीच, पाणी तेच. ती कोणाच्या अंगाला बांधली जाते एवढाच काय तो फरक. महापुरात झाडांचे काय होते आणि लव्हाळ्यांचे काय होते, हे तुकोबांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. येथे मात्र लव्हाळे स्वतः वाकून वाचत नाहीत, ते दुसऱ्याला वाचवतात.

दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुरनाऊ (१८८८–१९३१) यांनी अमेरिकेतील फॉक्स कंपनीसाठी याच कथेवरून ‘सनराइज’ हा चित्रपट केला. पटकथा कार्ल मायर यांची. बाल्टिकचा किनारा कॅलिफोर्नियातील सरोवरावर आला, आणि माणसांची नावे गेली. उरले ते ‘पुरुष’, ‘पत्नी’ आणि ‘शहरातील स्त्री’. या भूमिका अनुक्रमे जॉर्ज ओब्रायन, जॅनेट गेनॉर आणि मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी केल्या. १६ मे १९२९ रोजी पहिला अकादमी पुरस्कार सोहळा झाला, तेव्हा कलात्मक निर्मितीसाठीचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. छायाचित्रणाचे पारितोषिक चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना मिळाले, आणि जॅनेट गेनॉर यांना त्या वर्षीच्या तीन भूमिकांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ साली पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात मुरनाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा पिशाच्चपट आहे, पण विवाह आणि क्षमा यांवरचा हा चित्रपट नाही. ही उणीव आम्हांला नेहमीच खटकत आली आहे.

मुरनाऊ यांची शब्दांवाचून सांगण्याची हातोटी पाहायची असेल, तर जातानाचा होडीचा प्रवेश पाहावा. ओब्रायन यांच्या बुटांत शिशाची वजने घातली होती, असे सांगतात. त्यामुळे हा पुरुष चालतो तो स्वतःचेच ओझे ओढल्यासारखा. पत्नी नटूनथटून निघाली आहे. नवऱ्याने फिरायला नेतो म्हटले, याचाच तिला आनंद. घरचा कुत्रा दोर तोडून पाण्यात उडी घेतो आणि पोहत होडीपर्यंत येतो. त्याला परत पोहोचवावे लागते. मुक्या जनावराला जे कळले ते तिलाही आता कळू लागते. पाण्याच्या मध्यावर वल्ही थांबतात. तो उठतो आणि हात लोंबते ठेवून तिच्याकडे येतो. ती मागे झुकते, हात जोडते. त्याच्याने होत नाही. तो तोंड झाकून घेतो, आणि मग वेड्यासारखी वल्ही मारत किनारा गाठतो.

पुष्कळ समीक्षकांनी या प्रवेशाची वाखाणणी केली आहे. आम्हांला त्यानंतरचा क्षण अधिक महत्त्वाचा वाटतो. होडी काठाला लागताच पत्नी पळते. ती त्याला क्षमा करीत नाही, त्याची समजूत घालीत नाही, त्याच्या पश्चात्तापाने विरघळतही नाही. रानातून धावत जाऊन ती ट्रॅममध्ये चढते. तोही मागोमाग चढतो. ट्रॅम रान, कारखाने आणि रस्ते ओलांडत शहरात शिरते, आणि सगळा वेळ ती त्याच्याकडे पाहतही नाही. उपाहारगृहात तो तिच्यापुढे खाण्याची बशी सरकवतो. ती घास उचलते आणि रडू लागते. तो फुले घेऊन देतो, तरी भीती जात नाही. मुरनाऊ यांनी या भीतीला पुरेसा वेळ दिला आहे, हे त्यांचे मोठेपण. मार खाल्लेल्या, जिवावरच्या संकटातून निसटलेल्या स्त्रीचे मन एका ‘चुकलो’ या शब्दाने पूर्ववत होत नाही, हे त्यांनी जाणले होते.

क्षमा येते ती चर्चमध्ये. तेथे दुसऱ्याच कोणाचे लग्न लागत आहे. हे दोघे मागच्या बाजूला येऊन बसतात. धर्मगुरू वराला वधूच्या रक्षणाविषयी बजावतात, आणि ते शब्द या पुरुषाला असे लागतात की तो कोसळतो. पत्नीच्या मांडीवर डोके ठेवून रडतो. आता ती त्याच्या केसांवरून हात फिरवते. घंटा वाजू लागतात, आणि बाहेर येताना लोक खऱ्या वधूवरांऐवजी जणू यांच्यासाठीच वाट मोकळी करून उभे आहेत असे दिसते. आम्ही सारे लग्नाला जातो ते जेवणासाठी, पोशाखांसाठी, नातलगांना भेटण्यासाठी. दुसऱ्याच्या लग्नात बसून स्वतःचे वचन नव्याने ऐकण्याची ही कल्पना आमच्या धर्मग्रामांतील प्रत्येक विवाहित जोडप्याने मनाशी घ्यावी अशी आहे.

यानंतरचा शहरातील भाग काहींना लांबलेला वाटतो. केशकर्तनालय, छायाचित्रकाराचे दुकान, जत्रेतून निसटलेले डुकराचे पिल्लू, दोघांचा गावरान नाच, असा हा सगळा मामला आहे. आमचे मत वेगळे आहे. क्षमा झाली म्हणजे पुढे काय होते, हे दाखवण्याचे धाडस फार थोडे कलावंत करतात. बहुधा अश्रूंवरच पडदा पडतो. मुरनाऊ सांगतात की क्षमेनंतर हसणे येते, थोडा बावळटपणा येतो, पैसे थोडे जास्त खर्च होतात. घरातील सुखाचे दिवस असेच असतात; त्यांना कथानक नसते.

मग परतीचा प्रवास. चांदणे आहे, शीड भरले आहे, ती त्याच्या अंगावर रेलून झोपली आहे. दूर एका तराफ्यावर शेकोटी पेटवून लोक नाचत आहेत. आणि वारा येतो. आधी शहरावर येतो : धूळ, पळापळ, पाऊस. मग पाण्यावर येतो. शीड उतरवता उतरवता होडीत पाणी शिरते. पुरुषाचा हात लपवलेल्या पेंढ्यांकडे जातो. दोन्ही पेंढ्या तो तिला बांधतो. स्वतःला एकही ठेवत नाही. होडी फुटते. तो काठाला लागतो. ती सापडत नाही. गाव कंदील घेऊन पाण्यावर शोधत फिरते, आणि पेंढीतून सुटलेले लव्हाळे तेवढे तरंगताना दिसतात. अखेर पाण्याच्या प्रवाहांची जाण असलेला एक म्हातारा कोळी तिला शोधून आणतो. ती जिवंत आहे. सकाळ होते.

येथे कथा आणि चित्रपट यांचे रस्ते वेगळे होतात. सुडरमान पुरुषाला पाण्यात ठेवतात, मुरनाऊ त्याला घरी आणतात. जर्मन कथा कठोर आणि अमेरिकेत झालेला चित्रपट गोड, असा झटपट निवाडा अनेकांनी दिला आहे. आम्हांला तो पटत नाही. पहिल्या प्रायश्चित्त संस्काराची तयारी करणारी आमची मुले तीन गोष्टी शिकतात : पापाबद्दल खरा अनुताप, त्याची कबुली, आणि त्यानंतरची भरपाई. चित्रपटातील पुरुष रडला, त्याने क्षमा मागितली. म्हणजे पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी राहिली होती. दिवसभराच्या मौजेत आपणही ती विसरलेलो असतो. वादळ ती विचारते. आणि पुरुष जी भरपाई करतो, ती ज्या वस्तूने पाप करायचे ठरले होते त्याच वस्तूने करतो. तो बुडला की वाचला, हा यापुढचा प्रश्न आहे. पेंढ्या बांधल्या त्या क्षणी त्याने आपला जीव देऊन टाकला होता. पुढे तो त्याला परत मिळाला, ही देणगी. सुडरमान यांच्या अन्सासलाही ती मिळाली असती तर कथा हलकी झाली नसती, आणि मुरनाऊ यांचा पुरुष बुडाला असता तर चित्रपट अधिक खोल झाला नसता. दोन्ही कृतींचे वजन त्या एका गाठीवर आहे.

म्हणूनच ‘वादळ म्हणजे देवाची शिक्षा’ हा अर्थ दोन्ही कृतींवर लादणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तसे असते तर वादळ सकाळीच यायला हवे होते, खुनाचा बेत होडीत बसला होता तेव्हा. तेव्हा पाणी शांत होते. वादळ आले ते समेट झाल्यावर. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभू येशूने विचारले आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. किनाऱ्यावरच्या माणसांना तर हे अनुभवानेच ठाऊक असते. ज्यांच्या घरची होडी परत आली नाही, त्यांच्या घरात पाप शोधत बसणे हा निर्दयपणा आहे.

आता चित्रपटातील दोष. शहरातील स्त्रीला काळा पोशाख, सिगारेट आणि कारस्थान एवढेच दिले आहे. तिला मन नाही. पत्नी हरवल्यावर ही स्त्री आनंदाने येते, आणि पुरुष तिचा गळा आवळू लागतो. पत्नी जिवंत सापडल्याची हाक येते म्हणून ती वाचते. प्रेक्षक या प्रसंगी पुरुषाच्या बाजूने असतो, आणि येथेच आम्ही थबकतो. सकाळी जे हात बायकोकडे सरकले होते, तेच संध्याकाळी दुसऱ्या स्त्रीच्या गळ्यावर आहेत. मोह तिने घातला असेल, पण होडीत ती नव्हती. स्वतःच्या पापाचे खापर दुसऱ्यावर फोडणे ही एदेन बागेइतकी जुनी सवय आहे. सुडरमान यांच्या कथेत मोह घरातच राहतो, घरचेच अन्न खातो. मुरनाऊ यांनी तो शहरातून आणला, आणि कथेचे नैतिक बळ तेवढ्यापुरते कमी झाले.

ही वाट पुढे कोठवर जाऊ शकते, तेही इतिहासाने दाखवले. नाझी राजवटीत फाइट हार्लान यांनी याच कथेवर मूळ नावाने चित्रपट केला. तो नोव्हेंबर १९३९ मध्ये, म्हणजे पोलंडवरील आक्रमणानंतर दोनच महिन्यांनी, पडद्यावर आला. त्यात संसार मोडू पाहणारी स्त्री पोलिश आहे. हार्लान यांनी पुढच्याच वर्षी ‘यूद झ्यूस’ हा ज्यूद्वेषी चित्रपट केला. मोलकरीण, मग शहरवासी, मग परदेशी : पाप जसजसे घराबाहेर ढकलले, तसतशी कथा खोटी होत गेली.

दुसरा आक्षेप आमच्याकडील वापराविषयी आहे. अशा कथा आपण कुटुंबमेळाव्यांत, विवाहपूर्व शिबिरांत सांगतो, आणि तात्पर्य काढतो ते बहुधा असे, की बाईने सोसले म्हणून घर तरले. इंद्रे संशय असूनही होडीत बसली, म्हणून ती आदर्श. हे तात्पर्य आम्हांला धोक्याचे वाटते. इंद्रे होडीत बसली हे तिचे दुःख आहे. तिच्या संसारात तिला दुसरी वाट उरली नव्हती, याचे ते चित्र आहे. ते कोणाला उपदेश म्हणून सांगू नये. नवऱ्याच्या हातून जीव धोक्यात असलेली बहीण सल्ला मागायला आली, तर तिला पुन्हा होडीत बस म्हणणारा माणूस क्षमेचा अर्थ समजलेला नाही. मुरनाऊ यांची पत्नी आधी पळते. ट्रॅम, रस्ता, माणसांनी भरलेले उपाहारगृह आणि शेवटी चर्च, असा ती भोवती माणसे असलेल्या जागांचा आधार घेते. आणि नवरा कोसळून रडल्यावर, तिने आपण होऊन हात पुढे केल्यावर, मगच ती त्याच्याबरोबर पुन्हा पाण्यावर जाते. क्षमा तिची आहे. ती कोणी तिच्याकडून वसूल केलेली नाही.

कथेचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे, आणि चित्रपटही २०२३ पासून अमेरिकेत सर्वांसाठी खुला झाला आहे. तो मूकपट असल्याने भाषेची अडचण फारशी नाही. मधूनमधून येणाऱ्या चार मजकूरपट्ट्या कोणी वाचून दाखवल्या तरी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना कळेल. धर्मग्रामाच्या सभागृहात तो दाखवावा आणि नंतर अर्धा तास बोलावे, अशी आमची सूचना आहे. बोलताना वादळाविषयी थोडे बोलावे, ते सर्वांनाच दिसते. विचारावे ते पेंढ्यांविषयी. प्रत्येक संसारात कोणीतरी कधीतरी स्वतःपुरत्या दोन पेंढ्या लपवून ठेवलेल्या असतात : वेगळे ठेवलेले पैसे, न सांगितलेली गोष्ट, अडचणीच्या वेळी एकट्याने निसटण्याची सोय. पाणी चढू लागले की त्या बाहेर काढाव्याच लागतात. कोणाच्या अंगाला बांधायच्या, हे त्या वेळी ठरते.